पाणचट लागतं ते पाण्यामुळे नव्हे

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. घरी आठ जणांची बैठक होती. प्रत्येक ग्लासात ४५ मिली व्होडका, डब्यातला संत्र्याचा रस १०० मिली, अननसाचा तेवढाच आणि वरून लाल ग्रेनेडिन सिरप २० मिली. पहिल्याच घोटाला कोणीतरी म्हणालं, "हे तर सरबत झालंय." मग पाणी आणि बर्फ वाढवला, तर पाणचट झालं. म्हणून परत रस ओतला, परत गोडमिट्ट. शेवटी निम्मे ग्लास सिंकमध्ये गेले. येत्या शनिवारी तीच मंडळी पुन्हा येणार आहेत आणि तुम्हाला "कधीच बिघडणार नाही असं एक प्रमाण" हवंय.

प्रमाण देते, शेवटी दिलंय. पण तेवढंच उचलून गेलात तर शनिवार निभेल आणि पुढच्या वेळी संत्र्याऐवजी कलिंगड घेतलंत की पुन्हा इथेच याल. एकोणीस वर्षं बारच्या मागे उभी आहे, आधी गोव्यात, आता पुण्यात. घरी फ्रूट कॉकटेल करणारे दहातले नऊ जण एकाच ठिकाणी चुकतात. फळाचा रस हा त्यांना मुख्य पदार्थ वाटतो. आमच्या हिशेबात तो सुगंध असलेलं गोडसर पाणी असतो.

तुमच्याच ग्लासाचा हिशेब करू. डब्यातल्या रसात १०० मिलीला साधारण १२ ग्रॅम साखर धरा. दोन्ही रसांची मिळून २४ ग्रॅम झाली. २० मिली ग्रेनेडिनमध्ये आणखी १३-१४ ग्रॅम. म्हणजे ग्लासात ३८ ग्रॅमच्या आसपास, आठेक चमचे. सगळं मिळून २६५ मिली, तेव्हा १०० मिलीला १४ ग्रॅम साखर. बाटलीतल्या कोल्ड्रिंकमध्ये ती १०-११ ग्रॅम असते. तुमचं कॉकटेल कोल्ड्रिंकपेक्षा गोड होतं. आता आंबट बघा. संत्रं आणि अननस या दोघांत आम्ल पाऊण-एक टक्का असतं, डब्यातल्या पेयात बहुतेक त्याहून कमीच. व्होडका आणि सिरप मिसळल्यावर घोटात राहिलं जेमतेम अर्धा टक्का. जिभेला गोडाशी झुंजायला काही मिळालंच नाही. अशा वेळी पाणी घातलं की गोडही उतरतं आणि ते जेमतेम आंबटही उतरतं, आणि आपण म्हणतो, पाणचट झालं. पाणचट नव्हे हो, अळणी झालं. आमटीत मीठ विसरल्यावर आपण डाळ वाढवत नाही, मग इथे रस का वाढवायचा?

चांगल्या, शेक केलेल्या आंबटगोड कॉकटेलच्या तयार ग्लासात अल्कोहोल साधारण १५ ते २० टक्के, साखर ६ ते ९ टक्के आणि आम्ल पाऊण ते एक टक्का असतं. फळ जास्त असेल तर अल्कोहोल १४ पर्यंत उतरलं तरी चालतं. जुनी डायकिरी घ्या की मार्गारिटा, आकडे या पट्ट्यातच फिरतात. डायकिरी म्हणजे रम, लिंबू आणि साखर, बस. ६० मिली रम, २० ते २५ मिली लिंबाचा रस, २० मिली पाक. शिकायला आलेल्या मुलांना मी पहिला महिना दुसरं काही करू देत नाही. त्यात लपायला जागा नाही, पाच मिली चुकलात की तोंडावरच येतं. फळ नंतर.

आंबटाचा राजा आपल्या घरातच आहे, कागदी लिंबू. त्याच्या रसात सुमारे सहा टक्के आम्ल असतं, संत्र्याच्या सहा-सात पट. २० मिली लिंबाचा रस म्हणजे १.२ ग्रॅम आम्ल, आणि ते एका ग्लासाला जवळजवळ पुरतं. म्हणून फळ कुठलंही असो, आधी लिंबू मोजायचं, मग पाक, मग दारू आणि उरलेल्या जागेत फळ. बाजारातल्या मध्यम लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो. उन्हाळ्यात लिंबू दहा रुपयांना एक झालं की लोक बाटलीतला रस आणतात. तो आणू नका. शिजवल्यासारखी चव येते आणि ती फळावर बसते.

पटत नसेल तर आज रात्रीच करून बघा, दारूशिवाय. दोन वाट्यांत १००-१०० मिली संत्र्याचा रस घ्या. एकीत काही घालू नका. दुसरीत एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली लिंबू, अर्धा चमचा साखर आणि चिमटीत मावेल त्याहून कमी मीठ. दोन्ही फ्रीजमध्ये गार करा, मग घरातल्या कोणालाही न सांगता द्या आणि विचारा, यात संत्रं जास्त कशात आहे? दुसऱ्या वाटीकडे बोट जाईल. संत्रं दोन्हीत तेवढंच आहे. मुळात हे आपल्याला शिकवावं लागू नये. पन्ह्यात कैरी, गूळ, मीठ, वेलची आणि पाणी, या पाचांचं भांडण मिटवायला आपल्याकडच्या आज्या कुठल्या बारमध्ये शिकल्या नव्हत्या. इंग्रजीतला 'पंच' हा शब्दही आपल्या 'पाच'वरूनच गेला असं मानणारे पुष्कळ आहेत. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारींत हे पेय प्यायलं जात होतं: दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. मोजा, पाचच भरतात.

गोड कुठून आणायचं? साखर थेट शेकरमध्ये टाकू नका, गार दारूत ती विरघळत नाही, तळाशी खडखडते. पाक करा, पण लाडवाचा एकतारी नव्हे. वजनाने समान साखर आणि पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम, उकळायचं नाही, गार करून बाटलीत. फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो. त्याच्या २० मिलीत सुमारे १२ ग्रॅम साखर असते, हे लक्षात ठेवलंत तर पुढचे सगळे हिशेब तोंडी होतील. ग्रेनेडिन म्हणून मिळणाऱ्या लाल बाटल्यांत बरेचदा रंग आणि साखरच असते. मूळ ग्रेनेडिन डाळिंबाचं. आपल्याकडे सोलापूरचं भगवा डाळिंब मिळत असताना ती बाटली विकत घेणं मला तरी पटत नाही. २०० मिली गाळलेला रस, २०० ग्रॅम साखर, मंद गरम करून विरघळवायची, वर अर्धं लिंबू. रंग इतका गडद येतो की पाहुणे विचारतात.

आता बर्फ. याबद्दल घराघरांत एक पक्का गैरसमज आहे: जास्त बर्फ घातला की पेय पातळ होतं. उलट आहे. दोन खडे टाकलेत तर ते बिचारे एकटेच सगळं गार करायला जातात आणि वितळून मरतात. शेकर पाऊण भरा. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची जॅमची बरणी किंवा स्टीलचा उभा डबा. बारा-तेरा सेकंद, हात दुखेपर्यंत जोरात. लग्नात अक्षता टाकल्यासारखं हलवाल तर काही होणार नाही. मग गाळायचं. गाळणी चहाची असली तरी चालते, पण नवी घ्या, जुनीला चहाचा वास असतोच. बर्फाचंही तेच. ज्या फ्रीजरमध्ये सोडे आणि बोंबील ठेवलेत तिथला बर्फ नको. हे मी विनोदाने लिहीत नाहीये. मालवणी घरात जाऊन ताज्या पेरूचं कॉकटेल सुकटाच्या वासाचं पिऊन आलेय.

बर्फाचं पाणी हा बिघाड समजू नका, तो पाचवा पदार्थ आहे. एकदा मोजून बघा. शेकरमध्ये १३५ मिली मिश्रण घातलंत तर गाळल्यावर मापाच्या मगात १७५ ते १८५ यायला हवं. १५० आलं तर हलवलं कमी; पेय घशाला झोंबेल. दोनशेच्या वर गेलं तर बर्फ ओला होता किंवा कमी होता. आणि चव शेक करून गार झाल्यावरच घ्या. गारव्याने गोडी दबते, त्यामुळे कोमट मिश्रण चाखून "बरोबर झालंय" म्हणालात तर गार झाल्यावर ते आंबट लागतं.

मापाचं एक भांडं हवंच. दुकानातलं जिगर नको असेल तर औषधाबरोबर येणारं खुणांचं टोपण घ्या, ५ आणि १० मिलीच्या खुणा असलेलं. डाळीत फोडणी घालताना तुमचा हाताचा अंदाज असेल उत्तम, इथे नाही चालत. लिंबाचे पाच मिली म्हणजे एक चतुर्थांश फरक.

हापूसवर मात्र थोडं थांबते, कारण एप्रिल आला की सगळ्यांना तेच करायचं असतं आणि सगळ्यांचं तेच बिघडतं. पिकल्या हापूसच्या रसात साखर १८ टक्क्यांच्या घरात, आम्ल नावापुरतं. शिवाय तो दाट. लोक पाऊण कप आमरस, दोन पेग आणि बर्फ मिक्सरला फिरवतात. ग्लासात चमचा उभा राहतो आणि तोंडात दारूचा वास वेगळा आणि आंबा वेगळा. माझं माप: ६० मिली पांढरी रम, ४५ मिली गाळलेला आमरस, २५ मिली लिंबू, ५ मिली पाक, दोन थेंब मिठाचं पाणी. सतरा-अठरा सेकंद शेक, कारण दाट मिश्रण गार व्हायला वेळ लागतो. साखर आंब्याची ८ ग्रॅम, पाकाची ३. आम्ल दीडेक ग्रॅम. पाणी धरून १८० मिली झालं तर साखर सहा टक्क्यांवर आणि आम्ल ०.९ वर येतं. बसलं की नाही पट्ट्यात? डब्यातला आमरस असेल तर त्यात साखर आधीच घातलेली असते, मग पाक शून्य. डब्यावर '१०० मिलीला किती साखर' ते लिहिलेलं असतं, ते वाचा, बाकीची जाहिरात वाचू नका.

याहून मला आवडतं ते वेगळं आहे. मे महिन्यात बाजारात पिकला आंबा आणि कैरी दोन्ही असतात. लिंबाऐवजी उकडलेल्या कैरीचा गर गाळून घाला. कैरी लिंबाइतकी आंबट नसते, म्हणून २५ ऐवजी ४५-५० मिली, आणि आमरस ३० वर आणा. हापूस आंबट झाला तर जसा लागेल तसं लागतं, लिंबाचा परका वास मध्ये येत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, एका मे महिन्यात लिंबं संपली म्हणून सापडलं.

संत्रं आणि मोसंबीबद्दल एक धडा मी महागात शिकलेय. गोव्यात एका लग्नाच्या पार्टीला आम्ही सकाळी अकराला मोसंब्यांचा रस काढून ठेवला, संध्याकाळी सातला सुरुवात. पहिली फेरी गेली आणि ट्रे जसेच्या तसे परत आले. रस कडू झाला होता. नासला नव्हता, वास उत्तम, पण शेवटी जिभेवर कडवटपणा चिकटून राहायचा. वीस लिटर ओतून दिला आणि त्या हॉटेलने माझ्या पगारातून काही कापलं, तो भाग सोडा. कारण नंतर कळलं. मोसंबी आणि नागपुरी संत्र्यात एक बेचव घटक असतो. रस काढला की त्यातल्या आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि ते कडू. बिया आणि पांढरी साल मिक्सरमध्ये भरडली तर अजून लवकर. म्हणून बिया काढून हाताने पिळा, आणि प्यायच्या आधी तास-दोन तासांत. कडवटपणा अगदी थोडा असेल तर मीठ तो दाबतं. जास्त असेल तर काही दाबत नाही.

संत्र्याचंच जोरकस कॉकटेल हवं असेल तर आणखी एक युक्ती आहे, किचनचा वजनकाटा लागेल. १०० मिली ताज्या संत्र्याच्या रसात ५ ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते सायट्रिक ॲसिड, विरघळवा. हा रस आता लिंबाइतका आंबट झाला. तो लिंबाच्या जागी वापरा: ६० मिली जिन, २५ मिली हा रस, २० मिली पाक. लिंबाचा थेंब नाही, पाणचटपणा नाही, नुसतं संत्रं. प्यायला देण्याआधी बरणीवर खूण करून ठेवा, नाहीतर घरातलं पोर साधा रस समजून तोंडाला लावेल.

बाकीची फळं भराभर. कलिंगड म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, तेव्हा शेक जेमतेम सात-आठ सेकंद आणि लिंबू पूर्ण २५. अननस ताजा घ्या. शेक केला की वर छान फेस धरतो, डब्यातला तसा धरत नाही. पण त्यात दूध किंवा साय घालून ठेवू नका, अननसातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि ते कडवट होतं. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, डिसेंबर ते मार्च. चिरून साखर भुरभुरून तीन तास फ्रीजमध्ये ठेवली की जे पाणी सुटतं तेच सिरप. पेरूला मिरपूड आणि मीठ. केळ्याच्या वाटेला जाऊ नका. चाट मसाल्याच्याही, तो सगळ्या फळांची चव एकच करून टाकतो.

कोकमाबद्दल विचारलं नाहीत तरी सांगते. अमृत कोकम हे गोड सरबत आहे, आगळ हे खारट. दोन्ही एकाच मापाने घातलेत तर एकदा गोडमिट्ट होईल आणि एकदा समुद्र. आगळ १० मिली पुरे, मग मीठ घालायचं नाही. जिनबरोबर सुरेख जातं.

आणि ज्यांना एवढी मोजामोज नको, त्यांनी मार्च-एप्रिलमध्ये गोव्यात जाऊन उर्राक प्यावी. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळली की उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. उर्राक तशी सौम्य, पंधराएक टक्क्यांची. त्यात लिम्का, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, उंच ग्लासात बर्फावर. तिथल्या टॅव्हर्नात हे करणाऱ्याने आयुष्यात टक्केवारी काढलेली नसते. पण बघा: कडक, आंबट, गोड, पाणी, मसाला, पाचही जागच्या जागी.

आता शनिवार. एका ग्लासाचं माप: ६० मिली व्होडका, ३० मिली ताजं संत्रं, १५ मिली ताजा अननस, २० मिली लिंबू, १० मिली पाक. तुमच्या जुन्या ग्लासात फळ २०० मिली होतं, इथे ४५, आणि तरी संत्रं जास्त लागेल. डाळिंबाचं सिरप केलंत तर पाकाऐवजी तेच १० मिली.

आठ जणांसाठी प्रत्येकाला शेक करत बसू नका, तुम्हालाही गप्पा मारायच्या असतील. सकाळी ४८० मिली व्होडका, ८० मिली पाक आणि २४० मिली पिण्याचं पाणी एका बाटलीत भरून फ्रीजमध्ये. हे पाणी म्हणजे शेक करताना वितळला असता तो बर्फ. त्याहून थोडं कमी धरलंय, कारण ग्लासातही बर्फ असणारच आहे. संध्याकाळी साडेसहाला संत्रं २४० मिली, अननस १२० आणि लिंबू १६० पिळून घाला. मध्यम नऊ-दहा लिंबं लागतील, बारा आणा. बाटली उलटीसुलटी करा. एक ग्लास बर्फावर ओतून चाखा. बोथट वाटलं तर आणखी लिंबू, टोकेरी वाटलं तर पाक, दोन्ही दहा-दहा मिलीने, आणि रसाच्या जगला हात लावायचा नाही.

जी मंडळी घेत नाहीत त्यांच्यासाठी व्होडका वगळून उरलेलं तसंच देऊ नका. दारूचा कडकपणा गेला की गोड-आंबट उघडं पडतं. त्यांच्या ग्लासात लिंबू आणि पाक पाव भागाने कमी करा, किसलेल्या आल्याचा रस अर्धा चमचा घाला आणि वर सोडा.

एक ग्लास म्हणजे एक लार्ज, हे पाहुण्यांना आधीच सांगा. फळामुळे ते कळत नाही आणि तिसरा ग्लास सहज जातो. गाडी चालवणाऱ्याला आल्याचा ग्लास. आणि महाराष्ट्रात असाल तर परवान्याचं आणि २५ वर्षं वयाचं तुम्हाला ठाऊक असेलच. भाचेमंडळी येणार असतील तर तेवढं बघा.